‘खिसे सांभाळा’ म्हणणारी एतेल्विना

कोन्सेइसाँव रस्त्यावरच्या बटणांच्या दुकानांपैकी सगळ्यात अरुंद दुकानात एतेल्विना एकावन्न वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. गिऱ्हाइकासमोर बसलेली बाई मालकांना, सेन्योर गास्पार यांना, अजिबात चालायची नाही. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा एकेक नमुना शिवलेला. कुणी जुन्या कोटाचं तुटकं बटण पुढे केलं की एतेल्विना ते बोटांत फिरवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि शिडी नेमक्या खणाखाली नेऊन लावायची. तेराव्या वर्षी ती डोंगराकडच्या खेड्यातून लिस्बनला एका डॉक्टरच्या घरी कामाला आली, अठराव्या वर्षी या दुकानात लागली. मधे एकदा लग्न ठरलं होतं, ते मोडलं. का मोडलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. आता ती आणि तिची धाकटी बहीण इदालिना ग्रासाच्या टेकडीवर दोन खोल्यांत राहत होत्या.

पण रस्त्यावरचे लोक तिला ओळखायचे ते बटणांमुळे नव्हे. दुकानाच्या दारासमोर, हातभर रुंदीच्या फुटपाथला चिकटून अठ्ठावीस नंबरची ट्राम थांबते. ट्राम दिसली की एतेल्विना हातातलं काम ठेवून उंबऱ्यात यायची आणि छातीत हवा भरून ओरडायची, “खिसे सांभाळा! चोर आहेत, खिसे सांभाळा!” आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत, मग रांगेतले चेहरे बघून फ्रेंच, जर्मन, कोरियन, जमेल त्या भाषेत. प्रवासी तिला आपल्याकडचा शब्द सांगून जायचे आणि ती तो बटणांच्या पुठ्ठ्यामागे लिहून ठेवायची. एकदा फिनलंडच्या एका तरुणानं तिला भलताच शब्द पढवला. तो ती दोन महिने ओरडत होती आणि फिनलंडची माणसं हसत हसत ट्राममध्ये चढत होती.

या ओरडण्याची सुरुवात बारा वर्षांपूर्वीची. एक पोलिश मुलगी, पाठीला पिशवी, हातात नकाशा, ट्रामच्या पायरीवर चढत होती. मागून एका बाईनं नकाशात काहीतरी दाखवल्यासारखं केलं आणि दुसऱ्या माणसाचा हात मुलीच्या पिशवीत गेला. एतेल्विनानं हे सगळं काचेतून पाहिलं. तिच्या एका हातात फितीचं रीळ होतं, दुसऱ्यात कात्री, आणि समोर गिऱ्हाईक अडीच मीटर की तीन याचा विचार करत होतं. तोंड उघडेपर्यंत ट्राम निघून गेली. अर्ध्या तासानं तीच मुलगी चालत परत आली आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडायला लागली. पासपोर्ट गेला होता, आजीनं दिलेली साखळी गेली होती. एतेल्विनानं तिला आत घेतलं, गरम सूप दिलं, पोलिसांकडे नेलं. मुलगी सारखी एकच गोष्ट विचारत होती, ती एतेल्विनाला पोलिसांकडच्या दुभाष्यानं सांगितली: “कुणी बघितलं कसं नाही?”

दुसऱ्या दिवसापासून एतेल्विना उंबऱ्यात यायला लागली.

बारा वर्षांत त्या हाकेची सगळ्यांना सवय झाली. वाल्देमार नावाचा ट्रामचालक तर तिचं ओरडून होईपर्यंत दार मिटायचा नाही. प्रवासी तिचे फोटो काढायचे, पुढे कधीतरी पत्रं पाठवायचे. दुकानाच्या आतल्या भिंतीवर त्या पत्रांची रांग लागली होती. सेन्योर गास्पार कुरकुरायचे की हे बटणांचं दुकान आहे, मासळीबाजार नाही, पण पत्रं लावायला खिळे त्यांनीच आणून दिले होते. एतेल्विना फारशी कशाचा अभिमान धरणारी बाई नव्हती. या एका गोष्टीचा मात्र धरायची.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी दुकानाचं दार उघडलं आणि करडा कोटवाला आत आला.

त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, पण माणूस पक्का ठाऊक होता. साठीचा, उंच, दाढी घोटलेली, बुटांना पॉलिश. कोट तो अंगात क्वचितच घालायचा. बहुतेक वेळा घडी करून डाव्या हातावर टाकलेला, आणि त्या कोटाखाली उजवा हात काय करतो ते दिसायचं नाही. दिवसातून आठ वेळा तो अठ्ठावीस नंबरमध्ये चढायचा आणि दोन-तीन थांब्यांनंतर उतरायचा. पोलिसांनी त्याला पकडलं की संध्याकाळपर्यंत तो सुटलेला असायचा. ती उंबऱ्यातून ओरडायची तेव्हा ती खरं तर त्याच्याकडे बघून ओरडायची, आणि तो दर वेळी मान झुकवून तिला नमस्कार करायचा.

त्यानं तो कोट काउंटरवर ठेवला. बटण तुटलं होतं. गडद तपकिरी, शिंगाचं, चार भोकांचं.

एतेल्विनाला काय करावं सुचेना. याला हाकलून द्यावं असं एकदा वाटलं. पण बटण तिच्या बोटांत आलं होतं, आणि बोटांनी ते सवयीप्रमाणे फिरवलंही होतं. ती शिडीवर चढली आणि तसंच बटण काढून खाली आली.

“एवढं शिवूनही द्या, मेनिना,” तो म्हणाला. सत्तरीच्या बाईलाही मेनिना, म्हणजे पोरी, म्हणणारे बाजारात खूप असतात, पण याच्या तोंडून ते ऐकताना तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. “मला सुई नीट धरता येत नाही.”

ही बोटं आणि सुई धरता येत नाही! तिनं अंगुस्तान चढवलं आणि मान खाली घालून शिवायला लागली.

“तुम्ही मला ओळखता,” तो म्हणाला.

“ओळखते.”

“मग माझे आभारही घ्या. तुमच्यावाचून आमचं काम दुप्पट झालं असतं.”

तिनं दोरा ओढला. टोमणा आहे असं तिला वाटलं.

“तुम्ही ओरडता तेव्हा तुमचं लक्ष कुणाकडे असतं?”

“तुमच्याकडे. आणखी कुणाकडे असणार?”

“तिथंच चुकतं. एकदा त्यांच्याकडे बघा. तुम्ही खिसे म्हणालात रे म्हणालात की जो तो हात नेतो, तो बरोबर जिथं पाकीट आहे तिथंच. एकेका माणसाला चार-चार, पाच-पाच खिसे असतात, मेनिना. आम्हाला पूर्वी अंदाज करावा लागायचा. आता आम्ही नुसतं उभं राहून बघतो.”

सुई तिच्या हातात थांबली. “खोटं बोलता तुम्ही.”

“असेल,” तो अगदी शांतपणे म्हणाला. त्यानं बटणाचे आणि शिलाईचे पैसे दिले, शिवण डोळ्यांजवळ नेऊन बघितली, छान झाली आहे म्हणाला आणि गेला.

सव्वाअकराची ट्राम आली. एतेल्विना उंबऱ्यात गेली, ओरडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं चोरांकडे न बघता रांगेतल्या माणसांकडे बघितलं. एका लठ्ठ गृहस्थानं ढुंगणावरच्या खिशावर थाप मारली. त्याच्या बायकोनं पर्सच्या बाजूची चेन चिमटीत धरून बघितली. म्हाताऱ्या एका बाबानं छातीवर डावीकडे हात ठेवला. दोन तरुण मुलींनी पोटावर हात ठेवले. चर्चच्या दारात माणसं छातीवर क्रूस काढतात तसे सगळ्यांचे हात एका वेळी उठले आणि एका वेळी खाली आले. रांगेच्या मागे हॅट घातलेली एक बाई हातात नकाशा धरून उभी होती. ती नकाशाकडे बघत नव्हती. ती हात बघत होती.

पुढच्या ट्रामला एतेल्विना उंबऱ्यापर्यंत गेली आणि तोंड न उघडता परत फिरली. त्याच्या पुढच्या ट्रामला ती उठलीच नाही. वाल्देमारनं दार उघडं ठेवून वाट पाहिली, मग घंटा वाजवली, मग मान बाहेर काढून बरं नाही का म्हणून विचारलं. तिनं हातानंच त्याला जायची खूण केली.

रात्रीच्या जेवणाला तिनं बहिणीला सगळं सांगितलं. इदालिना इस्पितळात तीस वर्षं आया होती आणि माणसांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. कोबीचं सूप वाढता वाढता तिनं ऐकून घेतलं आणि पळी पातेल्यावर आपटली.

“चोर तुला येऊन सांगतो, आणि तू ऐकतेस?”

“अगं, पण मी डोळ्यांनी बघितलं. सगळ्यांनी हात लावले.”

“लावू देत की. हात लावला म्हणजे जागी झाली ना माणसं? बारा वर्षांत त्याला आभार मानायला वेळ झाला नाही, आणि आजच बरा झाला? त्याला तू गप्प व्हायला हवी आहेस, बावळट. आणि तू झालीसही गप्प. एका बटणाच्या भावात त्यानं तुला गप्प केलं.”

हेही पटण्यासारखं होतं. एतेल्विना रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. तो खोटं बोलत असेल तर गप्प राहून ती त्यालाच मदत करणार होती. खरं बोलत असेल तर बारा वर्षं तिनं मदतच केली होती. आणि तो खरं बोलत असूनही तिला गप्प करायलाच आला असेल तर? या तिसऱ्या विचारापाशी तिचं डोकं पार गरगरायला लागलं.

सकाळी ती पर्यटकांच्या तक्रारी घेणाऱ्या पोलिसचौकीत गेली. तिथला लोरेन्सू तिला चांगला ओळखत होता. इतक्या वर्षांत तिनं कितीतरी रडवेली माणसं त्याच्या टेबलासमोर आणून बसवली होती. त्यानं तिचं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं आणि कान खाजवला. म्हणाला, ओरडणं चांगलंच. मग म्हणाला, तो माणूस म्हणतो त्यातही तथ्य आहे, चोरांची ही युक्ती आम्हालाही ठाऊक आहे. मग काय करायचं, असं तिनं विचारलं. त्यानं तिला एक घडीपत्रक दिलं. त्यात लिहिलं होतं, गर्दीच्या ठिकाणी आपल्या वस्तू जागेवर आहेत ना हे अधूनमधून तपासा.

“तपासायचं कसं? हात लावूनच ना?” एतेल्विना म्हणाली.

लोरेन्सूनं पत्रक पुन्हा वाचलं. “हो,” तो म्हणाला. “तसंच म्हणावं लागेल.”

पुढचे तीन आठवडे तिनं एक दिवस ओरडायचं, एक दिवस नाही, असं करून बघितलं. कोणत्या दिवशी जास्त माणसं लुटली जातात ते कळेल असं तिला वाटलं होतं. पण कळणार कसं? पाकीट गेल्याचं माणसाला चार थांबे पुढे कळतं, कधी हॉटेलात गेल्यावर. ओरडलेल्या दिवशी एक बाई रडत आली, न ओरडलेल्या दिवशी कुणीच आलं नाही. त्यानं तिला बरं वाटावं की वाईट, तेही समजेना. त्यातून ओरडतानाही आता पूर्वीसारखा आवाज निघायचा नाही. ‘खिसे’ हा शब्द घशातच अडकायचा आणि नुसतंच “सांभाळा, सांभाळा” बाहेर पडायचं. काय सांभाळा ते न कळून माणसं ट्रामच्या रुळांकडे बघायची. सेन्योर गास्पार यांनी तिला दोनदा चुकीचा खण उघडताना पकडलं. एकावन्न वर्षांत असं झालं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी एक कोरियन जोडपं दुकानात आलं. दोघंही सत्तरीच्या आसपासची. बाई हातात एक मोत्यासारखं बटण घेऊन आली होती आणि तशीच सात हवीत असं तिनं बोटांनी दाखवलं. नवरा दारापाशी पाठीवरची पिशवी पोटावर घेऊन उभा होता, कुणीतरी त्याला तसं नीट शिकवून पाठवल्यासारखा. एतेल्विनानं आठ बटणांचा पुठ्ठा काढला, सात कापून कागदात बांधली आणि उरलेलं एक एप्रनच्या खिशात टाकलं. बाईला बटणं इतकी आवडली की तिनं एतेल्विनाचा हात दोन्ही हातांत धरला. मग दोघं बाहेर जाऊन ट्रामसाठी उभी राहिली.

आणि त्यांच्या मागे येऊन करडा कोटवाला उभा राहिला. कोट डाव्या हातावर.

एतेल्विना उंबऱ्यात आली. तो न ओरडण्याचा दिवस होता. पण आपला हात प्रेमानं धरणाऱ्या बाईचा नवरा समोर उभा असताना दिवस कसला पाळायचा? तिनं तोंड उघडलं. ओरडावं तर म्हातारा छातीवर हात ठेवणार, मागचा ते बघणार. न ओरडावं तर बारा वर्षांपूर्वीसारखं काचेतून बघत राहायचं. ट्राम आली, दार उघडलं, माणसं चढायला लागली. एतेल्विनाचं तोंड उघडंच होतं आणि आवाज निघत नव्हता. मग तिचं तिलाही न कळता ती पुढे झाली, माणसं ढकलत पायरी चढली आणि कोटवाला आणि म्हातारा यांच्यामधे घुसली. गळ्यात मोजपट्टी, अंगात एप्रन, दुकान सताड उघडं.

ट्राम निघाली. आत सुई शिरायला जागा नव्हती. कोरियन बाईला पुढे बसायला मिळालं होतं. नवरा मागच्या दांड्याला धरून उभा होता आणि एतेल्विना त्याच्या पाठीला चिकटून. चालक वाल्देमार नव्हता, कुणी नवीन मुलगी होती, आणि ती वळणं जोरात घेत होती.

“दुकान उघडं टाकून आलात, मेनिना?” तिच्या कानामागे आवाज आला.

ती मागे वळली नाही. “एक सांगा. त्या दिवशी खरं बोललात की खोटं?”

“कोणत्या दिवशी?”

“बटणाच्या.”

“बटण शिवायला आलो होतो मी,” तो म्हणाला. “दुसरं काय?”

मोठ्या चर्चपाशी दार उघडलं आणि तो उतरला. जाताना मान झुकवून नमस्कार केला की नाही ते गर्दीत तिला दिसलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. पण आता उतरायचं कसं? ट्राम पुन्हा निघाली होती, चढ लागला होता, आणि प्रत्येक हिसक्यासरशी ती म्हाताऱ्याच्या पाठीवर आदळत होती. तिसऱ्यांदा आदळली तेव्हा म्हातारा वळला आणि त्यानं तिचं मनगट घट्ट पकडलं.

तो मोठ्यानं काहीतरी बोलायला लागला. भाषा कुणाला येत नव्हती, पण पिशवी छातीशी धरलेला म्हातारा परदेशी आणि त्यानं पकडलेलं एका बाईचं मनगट, एवढं दिसल्यावर भाषा कशाला लागते? माणसं सरकली. तिच्याभोवती बघता बघता जागा झाली, मघाशी नव्हती तेवढी. शेजारच्या सीटवरची, ग्रासाकडचीच वाटणारी एक बाई म्हणाली, “या वयात? लाज वाटायला हवी.” एतेल्विना सांगायला लागली की मी बटणांच्या दुकानातली, मी तर याला वाचवायला आले. तिचं तिलाच ते ऐकायला खोटं वाटलं. पकडलेला चोर हेच म्हणणार ना?

चालक मुलीनं वरच्या चौकात ट्राम थांबवली. तिथं दोन पोलिस होते. त्यांनी एतेल्विनाला, म्हाताऱ्याला आणि पुढून घाबरीघुबरी होऊन आलेल्या त्याच्या बायकोला खाली उतरवलं आणि गाडीत घालून लोरेन्सूच्या चौकीत आणलं. वाटेत खिडकीतून एतेल्विनाला आपलाच रस्ता दिसला, दुकानाच्या दारात टाचा उंचावून बघणारे सेन्योर गास्पार दिसले. तिनं मान खाली घातली.

लोरेन्सूनं तिला बघितलं आणि खुर्चीतून उठला. “दोना एतेल्विना, कोण लुटलं गेलं आज?”

“मीच चोर आहे म्हणतात,” ती म्हणाली.

लोरेन्सू खुर्चीत परत बसला. त्यानं फोन काढून म्हाताऱ्यापुढे धरला. म्हातारा त्यात बराच वेळ बोलला, आणि फोननं त्याचं भाषांतर करून सांगितलं: “या आजीबाईंनी माझ्या पाठीला पुष्कळ मिठ्या मारल्या.” एका पोलिसाला हसू आवरेना. म्हातारा आणखीच चिडला. नियमाप्रमाणे एप्रनचे खिसे टेबलावर रिकामे केले गेले. छोटी कात्री, अंगुस्तान, खडूचा तुकडा, आणि एक मोत्यासारखं बटण.

त्या बटणावर कोरियन बाईची नजर गेली. इतका वेळ ती नवऱ्याच्या मागे उभी होती. ट्राममधे पुढे असल्यामुळे काय झालं तेच तिला नीट कळलं नव्हतं. तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि आपली सात बटणं त्या एका बटणाशेजारी ठेवली. मग तिनं एतेल्विनाच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं आणि नवऱ्याला काहीतरी बोलली. फार बोलली. म्हाताऱ्याचा चेहरा पडत गेला. त्यानं खिशातून पाकीट काढून बघितलं, सगळं होतं. पासपोर्ट होता. तो उभा राहिला आणि कमरेत वाकला, पुन्हा वाकला, आणि काय करावं न सुचून एतेल्विनाही वाकली.

ती दोघं गेल्यावर लोरेन्सूनं तिला कॉफी दिली आणि विचारलं, “कोटवाल्यानं हात घातला होता का?”

“नाही.”

“घालणार होता?”

एतेल्विनानं कप टेबलावर ठेवला. “मला नाही सांगता येत. तो मोठ्या चर्चपाशी उतरून गेला. तिथं तो रोजच उतरतो.”

“मग झालं काय, दोना एतेल्विना?”

“तेच मला कळत नाही,” ती म्हणाली.

घरी आल्यावर इदालिनानं सगळं ऐकलं. हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिनं बहिणीचं मनगट उजेडात धरून बघितलं. बोटांचे वळ निळे पडले होते. इदालिनानं त्यावर मलम लावलं आणि उद्यापासून हे सगळं बंद म्हणून सांगितलं. एतेल्विना हो म्हणाली. आपल्याला काहीच येत नाही, शहरात एवढी वर्षं काढून काहीच कळलं नाही, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच कोरियन बाई दारात उभी होती. हातात नवऱ्याचं जाकीट. तिनं जाकिटाचा आतला खिसा उलटा करून दाखवला, मग एतेल्विनाच्या एप्रनच्या खिशाला, कालचं बटण निघालं होतं तिथं, हात लावला, आणि हवेत सुई चालवून दाखवली. खिसा बंद करायचा होता. एतेल्विना जाकिटाकडे बघत राहिली. काल त्या म्हाताऱ्याचा हात घाबरून पुन्हा पुन्हा जात होता तो याच खिशाकडे. तिनं एक साधं चपटं बटण निवडलं, आतल्या बाजूनं काज घातलं, आणि बाहेरून काही दिसणार नाही असं बेमालूम शिवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाईनं खिशात पाकीट ठेवलं, बटण लावलं आणि एतेल्विनाला खुणेनं सांगितलं, आता काढून दाखवा. एतेल्विनाला काढता आलं नाही. दोघी हसल्या. एतेल्विना कितीतरी दिवसांनी हसत होती.

कल्पना तिची नव्हती, त्या बाईची होती, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. बाईचं नाव सन-ओक. ते नंतर आलेल्या पत्रावरून कळलं. थांब्यावर ट्रामची वाट बघत अर्धा-अर्धा तास माणसं उभी असायचीच. एतेल्विना त्यांना खुणेनं आत बोलवायला लागली. पाच मिनिटं बसा, खिसा द्या. सेन्योर गास्पार यांनी गिऱ्हाइकासाठी स्टूल आणलं, आणि दोन दिवसांनी तिच्यासाठीही एक आणलं. कुणाच्या पिशवीच्या चेनला हुक, कुणाच्या पँटच्या खिशाला बटण. यानं चोऱ्या कमी झाल्या का? तिनं लोरेन्सूला विचारलं होतं. तो म्हणाला, आकडे वर-खाली होतच असतात.

करडा कोटवाला हिवाळाभर दिसत होता. मार्चपासून दिसेनासा झाला. पकडला गेला म्हणावं तर लोरेन्सूला ठाऊक नव्हतं. वाल्देमारनं ऐकलं होतं की तो आजारी आहे, दुसऱ्या चालकानं ऐकलं होतं की तो उत्तरेकडे पोर्तू शहरात गेला. एतेल्विनाला त्याला आणखी एकदा विचारायचं होतं. विचारूनही खरं कळलं नसतं हे तिला ठाऊक होतं, तरी विचारायचं होतं. अजूनही एखाद्या दिवशी ट्राम फार भरून आली की ती उठून उंबऱ्यात जायची. कधी ओरडायची, कधी नुसती उभी राहायची, आणि कोणत्या दिवशी काय करेल ते तिचं तिलाही आधी सांगता यायचं नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी लोरेन्सूनं तिला चौकीत बोलावलं. गर्दीच्या थांब्यांवर प्रवाशांच्या मदतीला उभी राहणारी वीसेक कॉलेजची मुलं-मुली तिथं बसली होती. त्यांना चार अनुभवाच्या गोष्टी सांगा म्हणाला. एतेल्विना उभी राहिली आणि तिनं झालं ते सगळं सांगितलं, पोलिश मुलीपासून चौकीतल्या टेबलापर्यंत, काही न लपवता. मुलं मन लावून ऐकत होती. संपल्यावर चष्मा लावलेल्या एका मुलीनं हात वर केला.

“पण दोना एतेल्विना, मग आम्ही ओरडायचं की नाही ओरडायचं?”

एतेल्विनानं लोरेन्सूकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“ते मला नाही सांगता येणार, पोरी,” ती म्हणाली. “तुमच्यापैकी शिवता कुणाकुणाला येतं?”

तिघांनी हात वर केले. त्या तिघांना घेऊन ती लगेच दुकानात परतली, कारण दोनच्या ट्रामला रांग मोठी असते.